एक देश, दोन अर्थव्यवस्था: रेहमान सोबहान यांनी मांडलेला हिशेब

१९६१ साली ढाक्याच्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या दैनिकानं दोन बातम्या शेजारी शेजारी छापल्या. एका बातमीत राष्ट्राध्यक्ष फील्ड मार्शल अयुब खान सांगत होते की, पाकिस्तानची अर्थव्यवस्था एकच आहे. दुसरीत ढाका विद्यापीठातला सव्वीस वर्षांचा एक तरुण प्राध्यापक म्हणत होता की, पाकिस्तानात दोन अर्थव्यवस्था आहेत. देशात लष्करी कायदा लागू होता. अशा दिवसांत राष्ट्राध्यक्षाला आकडेवारीनं खोडून काढायला छाती लागते. त्या प्राध्यापकाचं नाव रेहमान सोबहान.

पुढे दहा वर्षांनी हाच माणूस जीव वाचवण्यासाठी ढाका सोडून आगरतळामार्गे दिल्लीत पोचला. तिथून लंडन, वॉशिंग्टन, पॅरिस असा फिरत तो पाकिस्तानला मिळणारी परदेशी मदत थांबवायच्या कामाला लागला. तेव्हा त्याच्या नव्या देशाला, बांगलादेशला, जगातल्या एकाही सरकारची मान्यता नव्हती.

१९७१ म्हटलं की आपल्याला माणेकशा आठवतात, इंदिरा गांधी आठवतात, शरण आलेलं पाकिस्तानी सैन्य आठवतं. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना पत्रावर लावावं लागणारं निर्वासितांसाठीचं पाच पैशांचं जादा तिकीटही आठवत असेल. बंगाली भाषेवरच्या अन्यायाबद्दलही आपण वाचलेलं असतं. पण या लढ्याच्या मुळाशी असलेला रुपया-पैशाचा हिशेब मराठीत फारसा कुणी उलगडून सांगत नाही. तो हिशेब समजला की १९७१ का घडलं ते बरंच समजतं, आणि तो समजून घ्यायला सोबहान यांच्या आयुष्याइतकी सोपी वाट मला दुसरी दिसत नाही.

सोबहान यांचा जन्म १९३५ साली कोलकात्यात झाला. वडील पोलीस खात्यात बडे अधिकारी होते आणि आईचं नातं ढाक्याच्या नवाब घराण्याशी होतं. शाळा दार्जिलिंगला, मग लाहोरचं एचिसन कॉलेज, मग केंब्रिज. घरात इंग्रजी आणि उर्दू; बांगला कच्ची. केंब्रिजमध्ये अमर्त्य सेन त्यांचे मित्र झाले आणि ती मैत्री पुढे फार मोलाच्या वेळी कामी आली. अशा माणसाला कराचीत किंवा लंडनमध्ये सुखानं राहता आलं असतं. १९५७ साली तो आपण होऊन ढाक्याला गेला आणि अर्थशास्त्र शिकवू लागला. मला या माणसाबद्दल आदर वाटायला सुरुवात होते ती इथून.

त्यांच्या पत्नी सलमा याही मोठ्या कर्तबगार. पाकिस्तानातल्या पहिल्या महिला बॅरिस्टरांपैकी त्या एक. त्यांचे वडील मोहम्मद इक्रामुल्ला हे पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव. आणि सख्खे काका मोहम्मद हिदायतुल्ला, म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले. फाळणीनं एकेका घराचे कसे तीन देश करून ठेवले, त्याचं हे एक उदाहरण.

आता मूळ मुद्दा. एका देशात दोन अर्थव्यवस्था म्हणजे काय?

साधारणपणे देशाच्या एका भागात कारखाने निघाले तर दुसऱ्या भागालाही त्याचा थोडाफार फायदा होतो. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत लागायचा आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर यायची. भांडवल मुंबईत साठलं तरी त्याचा एक ओघळ रत्नागिरीच्या वाडीपर्यंत पोचायचा. हे घडायला एकच अट असते: माणसाला कामामागे जाता आलं पाहिजे. पाकिस्तानच्या पूर्व (आजचा बांगलादेश) आणि पश्चिम या दोन भागांमध्ये सुमारे सोळाशे किलोमीटर भारत आडवा होता. चितगावहून कराचीला बोटीनं जायचं तर श्रीलंकेला वळसा. बारिसालचा भूमिहीन मजूर कराचीच्या कापड गिरणीत कामाला जाणार कसा? पण पैसा मात्र एका सहीनिशी ढाक्याहून कराचीला जाऊ शकत होता, आणि जात होता. माणसं जागच्या जागी आणि पैसा मोकळा, अशी ही रचना. म्हणून पूर्वेच्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं की, नियोजन करताना हा एक देश धरू नका, दोन धरा. पश्चिमेत केलेली गुंतवणूक पूर्वेच्या रोजगारात मोजू नका.

ही कल्पना एकट्या सोबहान यांची नव्हती. १९५६ सालीच पूर्व पाकिस्तानातल्या अर्थतज्ज्ञांनी ढाक्यात एकत्र येऊन पहिल्या पंचवार्षिक योजनेवर बोलताना ती मांडली होती. नुरुल इस्लाम, अनिसुर रहमान यांच्यासारखे सहकारी त्यावर पक्कं संशोधन करत होते. सोबहान यांनी ती वर्गातून आणि अहवालातून बाहेर काढून वर्तमानपत्रात, सभांमध्ये, सामान्य वाचकाला कळेल अशी मांडली. अर्थशास्त्राचा प्राध्यापक राजकारणात उतरतो तो असा.

पैसा जात होता कसा, हे नीट पाहू. पूर्व बंगालात ताग पिकायचा. जगाला तो हवा होता, आणि १९५० च्या दशकात पाकिस्तानच्या निर्यातीतली निम्म्याहून अधिक कमाई पूर्वेच्या मालावर होत होती. समजा, नारायणगंजच्या व्यापाऱ्यानं एक डॉलरचा ताग परदेशी विकला. तो डॉलर त्याला ठेवता येत नव्हता. सरकारजमा करून त्याबदल्यात सरकारी दरानं रुपये घ्यावे लागायचे. १९५५ नंतर हा दर होता ४ रुपये ७६ पैसे. डॉलरची खरी किंमत त्याहून बरीच जास्त होती. मग सरकार तोच डॉलर आयात परवाना असलेल्या कारखानदाराला त्याच स्वस्त दरात द्यायचं. परवाने मिळवणारे बहुतेक कराचीचे. त्या डॉलरमधून आणलेलं यंत्र किंवा कच्चा माल बाजारात समजा आठ-नऊ रुपयांच्या भावाचा असेल, तर मधला फरक कारखानदाराच्या खिशात. तो फरक आला कुठून? ताग पिकवणाऱ्याच्या हातात जे पडायला हवं होतं आणि पडलं नाही, त्यातून. त्या शेतकऱ्यावर कुणी नवा कर बसवला नव्हता. त्याला कुठली पावती मिळाली नव्हती. आपल्याकडून काही काढून घेतलं जातंय हे त्याला दिसतही नव्हतं.

गोष्ट इथेच थांबत नाही. त्या यंत्रावर कराचीत जे कापड निघायचं, ते आयातीवर भारी जकात लावून संरक्षण दिलेल्या बाजारात विकलं जायचं. त्याचं मोठं गिऱ्हाईक पुन्हा पूर्व बंगालच. म्हणजे ताग विकताना कमी भाव आणि कापड घेताना जास्त भाव, असा दोन्हीकडून मार. शिवाय राजधानी पश्चिमेत, लष्कर पश्चिमेत, लष्कराचा खर्च पश्चिमेत. परदेशी मदतीचा मोठा वाटाही तिकडेच. १९६१ च्या जनगणनेनुसार देशातले शंभरांतले चोपन्न लोक पूर्वेचे होते, हे इथे ध्यानात ठेवावं. अल्पसंख्याकांचं नव्हे, बहुसंख्याकांचं हे गाऱ्हाणं होतं.

याचा परिणाम सरकारी आकड्यांतच दिसू लागला. १९५९-६० साली पश्चिमेचं दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त होतं. १९६९-७० पर्यंत ते ६१ टक्क्यांनी जास्त झालं. अयुब खान यांच्या राजवटीला 'विकासाचं दशक' म्हणून गौरवलं जात होतं, त्याच दहा वर्षांत ही दरी जवळपास दुप्पट झाली. पश्चिमेतली सामान्य माणसंही यात श्रीमंत झाली असं नाही. १९६८ साली खुद्द पाकिस्तानच्या नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी जाहीरपणे सांगितलं की, देशातले दोन तृतीयांश उद्योग बावीस घराण्यांच्या हातात आहेत.

१९६६ च्या फेब्रुवारीत पूर्वेतल्या अवामी लीग पक्षाचे नेते शेख मुजीबुर रहमान यांनी लाहोरमध्ये आपला सहा कलमी कार्यक्रम मांडला. ही कलमं वरच्या हिशेबाशेजारी ठेवून वाचली की लख्ख कळतात. दोन भागांसाठी वेगळी चलनं असावीत, किंवा चलन एकच ठेवायचं तर पूर्वेचा पैसा पश्चिमेकडे वाहून जाणार नाही अशी घटनात्मक तजवीज असावी. कर लावायचा अधिकार प्रांतांकडे असावा. आणि परकीय चलनाची दोन्ही भागांची खाती वेगळी असावीत. ज्याच्या तागाचा डॉलर, त्याच्या खात्यात. केंद्राकडे संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार एवढंच. इस्लामाबादला यात फुटीरपणा दिसला. खरं तर सहांपैकी तीन कलमं निव्वळ जमाखर्चाची आहेत, आणि दहा वर्षं आकडे गोळा करणाऱ्या माणसांची मेहनत त्यांच्यामागे उभी आहे.

१९६९ मध्ये सोबहान यांनी हमीदा हुसेन आणि कमाल हुसेन यांच्यासोबत 'फोरम' नावाचं इंग्रजी साप्ताहिक काढलं. पुढच्या वर्षी १२ नोव्हेंबरला भोला चक्रीवादळ आलं. किमान तीन लाख माणसं गेली आणि सरकारी मदत पोचायला झालेला उशीर लोक विसरले नाहीत. डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगनं पूर्वेतल्या १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. देशभरातल्या ३०० सर्वसाधारण जागांत हे स्पष्ट बहुमत होतं. सोबहान आणि त्यांचे सहकारी सहा कलमांवर आधारलेली राज्यघटना कशी असावी याचे मसुदे करत बसले. ती घटना कधी सभागृहापुढे आलीच नाही. १ मार्च १९७१ ला, अयुब खान यांच्या जागी आलेले लष्करशहा याह्या खान यांनी राष्ट्रीय सभेची बैठक बेमुदत पुढे ढकलली.

त्यानंतरचे पंचवीस दिवस मला फार विलक्षण वाटतात. पूर्व बंगालात सरकार नावालाच उरलं आणि राज्यकारभार मुजीब यांच्या शब्दावर चालू लागला. पण बँका बंद ठेवल्या तर पगार कसे होणार? बंदरात आलेलं धान्य उतरवायचं की नाही? टपाल, रेल्वे, तारखातं? १५ मार्चला अवामी लीगचे सरचिटणीस ताजुद्दीन अहमद यांनी ३५ निर्देश जाहीर केले. कुठल्या बँकेनं किती वेळ उघडं राहायचं, कुठले व्यवहार करायचे, सगळं त्यात होतं. पश्चिमेकडे पैसा पाठवायला बंदी होती. यामागे नुरुल इस्लाम यांच्या घरी रोज जमणारे अर्थतज्ज्ञ होते आणि सोबहान त्यांच्यात होते. ज्या ओघावर ते दहा वर्षं लिहीत होते, तो त्या पंधरवड्यात प्रत्यक्ष अडवला गेला.

२५ मार्चच्या रात्री लष्करानं ढाक्यावर हल्ला चढवला. विद्यापीठातले प्राध्यापक त्यांच्या राहत्या घरांत मारले गेले. सोबहान दोन दिवसांनी घरातून निसटले. बायकोमुलं ढाक्यातच राहिली. अनिसुर रहमान यांच्यासह ते आगरतळ्याला आणि एप्रिलच्या सुरुवातीला दिल्लीत पोचले. इथे केंब्रिजची मैत्री कामी आली. अमर्त्य सेन तेव्हा दिल्लीत शिकवत होते. त्यांनी दोघांना भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार अशोक मित्र यांच्याकडे नेलं आणि मित्रांनी पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर यांची गाठ घालून दिली. ढाक्यात काय घडलं याची पहिली तपशीलवार, विश्वासार्ह हकीकत दिल्लीला ज्यांच्याकडून मिळाली, त्यांत हे दोघे प्राध्यापक होते. ताजुद्दीनही त्याच सुमारास दिल्लीत आले. १० एप्रिलला त्यांच्या पंतप्रधानपदाखाली बांगलादेशचं हंगामी सरकार स्थापन झालं आणि १७ एप्रिलला मेहेरपूरच्या आमराईत त्याचा शपथविधी झाला.

तेवढ्यात बातमी आली की याह्या खान यांचे आर्थिक सल्लागार एम. एम. अहमद मदत मागायला वॉशिंग्टनला निघालेत. ताजुद्दीन यांनी सोबहान यांना सांगितलं: तुम्ही जा आणि ती मदत थांबवा. ते आर्थिक बाबींसाठीचे खास दूत झाले. कचेरी नाही, मान्यता नाही, यंत्रणा नाही.

मदत थांबवणं इतकं महत्त्वाचं का होतं? कारण पाकिस्तानची आयात परदेशी पैशावर चालत होती. १९६० पासून जागतिक बँकेच्या पुढाकारानं श्रीमंत देशांचा एक गट दरवर्षी बसून पाकिस्तानला किती द्यायचं ते ठरवायचा. पूर्वेतला ताग बंद पडला, तसा डॉलर यायचा थांबला. मे महिन्यात पाकिस्ताननं कर्जाचे हप्ते सहा महिने भरता येणार नाहीत असं कळवून टाकलं. जूनमध्ये शंभर आणि पाचशेच्या नोटा रद्द केल्या. युद्ध चालू ठेवायचं तर नवा पैसा हवाच होता.

देणाऱ्या देशांचं म्हणणं असायचं की, आम्ही बंदुकांसाठी पैसे देत नाही, गहू आणि खतासाठी देतो. सोबहान यांचं उत्तर साधं होतं. समजा एखादं सरकार दहा लाख डॉलरचा गहू स्वतःच्या पैशानं घेणार होतं. तो गहू तुम्ही फुकट दिलात, तर त्याचे दहा लाख डॉलर मोकळे झाले. आता त्यातून ते रणगाड्यांचे सुटे भाग घेईल. तुमचा डॉलर गव्हावर खर्च झाला हे खरं, पण तुमच्यामुळे सुटलेला डॉलर कुठे गेला ते बघा. शिवाय, ज्या पूर्व भागाच्या विकासाच्या नावावर तुम्ही पैसे देता, तिथे आज प्रशासनच उरलेलं नाही, मग विकास कसला? बँकेच्या अधिकाऱ्यांशी बँकेच्याच भाषेत बोलणारा हा दूत होता आणि हेच त्याचं बळ होतं.

ते एकटे नव्हते, हे सांगायलाच हवं. वॉशिंग्टनच्या पाकिस्तानी दूतावासातले बंगाली अधिकारी आतून मदत करत होते. आर्थिक विभाग पाहणारे ए. एम. ए. मुहिथ जूनअखेर दूतावास सोडून उघडपणे बांगलादेशच्या बाजूनं आले आणि ऑगस्टमध्ये उरलेलेही आले. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन डॉक्टर सिनेटरांचे उंबरे झिजवत होते. जुलैत बाल्टिमोर बंदरात 'पद्मा' हे पाकिस्तानी जहाज लागणार होतं, तेव्हा शांततावादी माणसं छोट्या होड्या घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली आणि पोलिसांनी त्यांना पकडून नेलं.

जागतिक बँकेनं आपलं पथक पूर्व बंगालात पाठवलं. २१ जूनला पॅरिसमध्ये देणाऱ्या देशांची बैठक झाली. बँकेचे पीटर कारगिल यांनी पथकानं पाहिलेलं तिथे सांगितलं आणि नव्या मदतीचं आश्वासन कुणी दिलं नाही. सोबहान त्या वेळी पॅरिसमध्येच होते, प्रतिनिधींना गाठून आपली बाजू मांडत होते. १३ जुलैला पथकाचा अहवाल 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये फुटला. कुष्टिया गावाबद्दल त्यात लिहिलं होतं की, लोकसंख्या चाळीस हजारांवरून पाच हजारांवर आली आहे, नव्वद टक्के घरं, दुकानं, बँका जमीनदोस्त आहेत आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेक झालेल्या जर्मन शहरासारखं ते दिसतं. हे बँकेच्या अर्थतज्ज्ञाचे शब्द होते. त्यांना प्रचार म्हणून झटकून टाकता येत नव्हतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी पाकिस्तानची साथ अखेरपर्यंत सोडली नाही. आधी कबूल झालेला माल येत राहिला, शस्त्रंही झिरपत राहिली. सिनेटर सॅक्सबी आणि चर्च यांनी मदत थांबवणारी दुरुस्ती आणली, पण ऑक्टोबरअखेर सिनेटनं परदेशी मदतीचं अख्खं विधेयकच फेटाळलं आणि त्याबरोबर ती दुरुस्तीही गेली. तेव्हा सोबहान यांच्या मोहिमेनं युद्ध जिंकलं असं म्हणणं खोटं ठरेल. ते बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीनं आणि भारतीय सैन्यानं जिंकलं. पण त्या नऊ महिन्यांत पाकिस्तानला नव्या पैशासाठी हात पसरूनही फारसं काही मिळालं नाही, यात या माणसांचा वाटा आहे.

१९७२ मध्ये नव्या देशाचा नियोजन आयोग बनला. नुरुल इस्लाम उपाध्यक्ष. सोबहान, अनिसुर रहमान आणि मुशर्रफ हुसेन सदस्य. पूल पडलेले, चितगाव बंदरात सुरुंग, गिरण्यांचे मालक पळून गेलेले. आदमजी ज्यूट मिलसारख्या कारखान्यांना मालकच नव्हता. २६ मार्च १९७२ ला ताग, कापड, साखर गिरण्या, बँका आणि विमा यांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यावर आजही टीका होते आणि गिरण्या तोट्यात गेल्या हे खरंच आहे. पण मालक नसलेला कारखाना त्या दिवशी दुसरं कोण चालवणार होतं, या प्रश्नाचं नीट उत्तर टीकाकारांनी दिलेलं मी वाचलेलं नाही.

मग १९७४ आलं. मदत हे हत्यार आता उलट्या दिशेनं फिरलं. जागतिक बँकेनं आणि देणाऱ्या देशांनी आग्रह धरला की, पाकिस्तानच्या जुन्या कर्जातला वाटा बांगलादेशनं उचलावा. बराच काळ नकार दिल्यावर, आपल्या भूमीवर उभ्या असलेल्या प्रकल्पांचं कर्ज देशाला स्वीकारावं लागलं. त्याच वर्षी पूर आला, तांदूळ महागला. आणि बांगलादेशनं क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेनं धान्याची मदत रोखली. क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला धान्य द्यायचं नाही असा तिकडचा कायदा होता. पोती विकून चार डॉलर मिळवणं हा गुन्हा ठरला. दुष्काळात मेलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे २६ हजार आहे. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. त्या वर्षी देशात धान्य इतर वर्षांपेक्षा कमी नव्हतं, मजुरांकडे ते घ्यायला पैसे नव्हते, हे पुढे अमर्त्य सेन यांनीच दाखवून दिलं.

सोबहान १९७४ मध्ये आयोगातून बाहेर पडले. १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीब यांची कुटुंबासह हत्या झाली, नोव्हेंबरमध्ये ताजुद्दीन यांना तुरुंगात मारलं. सोबहान पुन्हा देशाबाहेर गेले आणि काही वर्षं ऑक्सफर्डमध्ये राहिले. परतल्यावर १९८२ साली त्यांनी बांगलादेशच्या परकीय मदतीवरच्या अवलंबनावर पुस्तक लिहिलं. मदत कशी अडवावी हे ज्यानं शोधून काढलं होतं, त्यानं आता मदत घेणाऱ्याच्या गळ्याला फास कसा बसतो ते तितक्याच बारकाईनं मांडलं. १९९०-९१ मध्ये लष्करशहा इर्शाद पायउतार झाल्यावर आलेल्या काळजीवाहू सरकारात ते सल्लागार होते. १९९३ मध्ये त्यांनी ढाक्यात 'सेंटर फॉर पॉलिसी डायलॉग' ही संस्था काढली.

कपडे शिवण्याच्या धंद्यानं बांगलादेश पुढे सरकला, तसा त्यांनी जुना प्रश्न नव्यानं विचारायला सुरुवात केली. आता समुद्र आणि परका देश मध्ये नाही; पण ढाक्याच्या एकाच रस्त्यावर कारखान्याचा मालक आणि शिवणयंत्रावर बसलेली मुलगी यांचे दोन वेगळे समाज झाले आहेत, असं ते म्हणतात. त्यावर त्यांचा उपाय मजुरी वाढवण्यापाशी थांबत नाही. कारखान्याच्या भांडवलात कामगार बायकांना भागधारक करा, शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगात शेतकऱ्याला हिस्सा द्या, असं ते गेली कित्येक वर्षं लिहीत आहेत. नफ्यातला वाटा मालकीतूनच येतो आणि मालकी कुणाकडे आहे तेवढंच बघा, असा त्यामागचा विचार. ढाक्यातल्या एकाही सरकारनं तो सूचनेपलीकडे मनावर घेतलेला नाही.